भोंगा आत्याची साक्ष

चर्चमध्ये तिला तोंडावर सगळे आत्याबाई म्हणत आणि पाठ वळली की भोंगा आत्या. तिला दोन्ही नावं ठाऊक होती आणि दोन्हींबद्दल तिची तक्रार नव्हती. उभा जन्म लॉन्ड्रीत गेलेला. तिथे धुलाईची पिंपं गरगरतात, वाफ फुसफुसते, शेजारणीला 'जरा सरक गं' सांगायचं तरी गळा ताणावा लागतो. ताणता ताणता तिचा आवाज जो वर चढला तो पुन्हा खाली उतरलाच नाही. घरात ती भाचीकडे मीठ मागायची, तर खालच्या मजल्यावरच्या कुलूपवाल्याला कळायचं की आज वर भाजी अळणी झाली आहे.

अशा आवाजाला चर्चमध्ये एकच हक्काची जागा होती, ती म्हणजे साक्ष. रविवारच्या उपासनेत प्रवचनाआधी थोडा वेळ राखून ठेवलेला असे. मंडळीतल्या कुणीही उभं राहावं, देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगावं आणि खाली बसावं. शब्द कोर्टातला, पण मामला अगदी मऊ. कुणाची पाठदुखी थांबलेली असायची, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली, कुणावर नव्या गाडीची कृपा झालेली. ज्याला गाडी मिळाली नाही त्याच्यावर देवाचा काय राग होता, हे कुणी विचारत नसे. साक्ष देणाऱ्याने दर वाक्याच्या शेवटी 'प्रभूची स्तुती असो' म्हणायचं आणि बाकीच्यांनी एका सुरात 'आमेन' म्हणायचं. आमेन म्हणजे होय, असंच आहे, हे खरं आहे. अर्थ सगळ्यांनी लहानपणी पाठ केला होता आणि मोठेपणी सोयीने विसरला होता.

आत्याने एकही रविवार चुकवला नाही. हरवलेला कंगवा सापडला, साक्ष. मानेवरचं गळू आपोआप फुटलं, साक्ष. गळूची साक्ष तर इतकी तपशीलवार होती की पुढच्या बाकावरच्या दोन बायका उठून बाहेर गेल्या. ती उभी राहिली की लोक बसल्या जागी पेंगायला लागत. तिची ती हेल काढून बोलण्याची चाल, मध्येच येणारं 'प्रभूची स्तुती असो', आणि झोपेतसुद्धा ओठांवर येणारं आमेन. गाडीत बसलेल्या माणसाला गाडीच्या आवाजाने झोप लागावी तशी मंडळीला आत्याच्या आवाजाने झोप लागायची. तिला मात्र वाटायचं, लोक डोळे मिटून मनन करताहेत. माणसाला आपल्याबद्दल काहीतरी गोड गैरसमज हवाच.

पहिल्या बाकावर लॉन्ड्रीचे मालक बसायचे. ते मंडळीचे वडील होते, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या चार मानकऱ्यांपैकी एक. तसे बाकीचे तिघे नावाला. चर्चचे पंखे मालकांचे, ऑर्गन मालकांचा, प्रवचन करणाऱ्या पाळकसाहेबांच्या घराला दिलेला रंगसुद्धा मालकांचा. भिंतींना जीभ असती तर त्यांनीही मालकांना आधी नमस्कार घातला असता. आणि आमेन म्हणावं तर मालकांनी. पोटातून, दमदार, पिंपात दगड टाकल्यासारखं. त्यांचं आमेन आधी घुमायचं आणि मग बाकीची मंडळी त्यावर आपलं आमेन ठेवायची, वजन बघून.

संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला पाठ वाचायचा मानही त्यांचाच. संदेष्टे म्हणजे ती जुन्या काळची फाटक्या तोंडाची माणसं, ज्यांनी राजाच्या दारात जाऊन राजाला सुनावलं की तू गरिबांचं रक्त पितोस. मालक ते वाचताना काय रंगायचे! मजुराची मजुरी दाबणाऱ्यांवर संदेष्टा आग पाखडतो आहे, खोट्या मापाने विकणाऱ्यांना शाप देतो आहे, आणि मालक हात उंचावून, आवाज कापरा करून ते असं वाचताहेत जणू सगळं तिसऱ्याच गल्लीतल्या कुणाबद्दल चाललं आहे. वाचन झालं की पाळकसाहेब म्हणायचे, 'सुंदर वाचन.' बस्स. पाठ सुंदर, वाचन सुंदर, पंखेही गार. घरी जाऊन जेवा.

लॉन्ड्रीत नोकरी हवी तर पाळकसाहेबांचा शब्द लागायचा. त्यामुळे तिथल्या बहुतेक बायका याच मंडळीतल्या. आठवडाभर मालकांच्या चादरी धुवायच्या आणि रविवारी मालकांच्या पंख्याखाली बसायचं. आत्या तिथे परकर-पोलक्यात लागली ती केस पांढरे झाले तरी तिथेच. लग्न राहून गेलं. भाऊ-भावजय एकाच तापात गेले आणि त्यांची पोर आत्याच्या पदरात पडली. आत्याने तिला वाढवलं, शिकवलं, आणि शेवटी पाळकसाहेबांकडून शब्द घेऊन त्याच लॉन्ड्रीत चिकटवलं. पोर हुशार, जिभेची तिखट. तिला रोलरवर घेतलं.

हा रोलर म्हणजे चादरींना इस्त्री करणारं यंत्र. लांबलचक तापलेला लोखंडी दंडगोल फिरत असतो. एका बाजूने ओली चादर दोन्ही हातांनी ताणून आत सारायची, पलीकडून कडकडीत होऊन बाहेर येते. हात आत जाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसवलेली असते. जाळी असली की चादर जरा सांभाळून सरकवावी लागते. जाळी नसली की काम भराभर उरकतं. मालकांना एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालं आणि त्यांना जाळी सलायला लागली. मुकादम एके सकाळी पाना घेऊन आला आणि त्याने जाळी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली. आत्या शेजारच्या टेबलावर घड्या घालत होती. 'अहो, हे काय?' असं तिने विचारलंसुद्धा. 'मालकांनी सांगितलंय,' तो म्हणाला. मालक दारातच उभे होते. त्यांनी मान डोलावली आणि छान हसले. माणूस हसरा होता, त्यात वाद नाही.

पुढच्याच आठवड्यात भाचीचा उजवा हात चादरीबरोबर आत गेला. यंत्र थांबवेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. डॉक्टरांनी मनगटापासून हात काढला.

कामगार खात्याचा साहेब चौकशीला यायच्या आधी जाळी पुन्हा रोलरजवळ आली होती, तीही मुद्दाम तिरकी ठेवलेली. मालकांनी दुःखी चेहऱ्याने सांगितलं, पोरीला घरी जायची घाई, तिनेच ओढून काढली असणार. मुकादम म्हणाला, हो, मी तिला कितीदा बजावलं होतं. उंदराला मांजर साक्ष. साहेबाने एकेका बाईला विचारलं. वाळवणीच्या खोलीतली म्हातारी म्हणाली, मी आत होते. बॉयलरवाल्याची बायको म्हणाली, वाफेत काही दिसत नाही. जिचा हात गेला तिच्या बाबतीत सगळ्यांनी हात वर केले. आणि आत्या? जिचा आवाज दोन गल्ल्या ऐकतात ती आत्या पुटपुटली, 'मी पाठमोरी होते, साहेब.' साहेबाला ते दोनदा विचारावं लागलं.

का म्हणाली? नोकरी. आता घरात कमावती तीच एकटी, खाणारी तोंडं दोन, आणि त्यातलं एक औषधाचं. त्यावर पाळकसाहेब आदल्या संध्याकाळीच येऊन गेले होते. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, 'आत्याबाई, मंडळी म्हणजे एक कुटुंब. कुटुंबातली गोष्ट सरकारदरबारी नेऊ नये. मालक पोरीला वाऱ्यावर सोडणार नाहीत. देवावर सोपवा.' देवावर सोपवा म्हणजे मालकांवर सोपवा, एवढं आत्याला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

भाची घरी आली. तिने आत्याला एका शब्दानेही विचारलं नाही, आणि तेच आत्याला जास्त झोंबलं. एरवी ही पोर भाजीतल्या मिठावरून भांडायची. आता मुकाट डाव्या हाताने जेवायची, सांडलेलं मुकाट गोळा करायची.

मालकांनी वाऱ्यावर सोडलं नाही, हे मात्र खरं. त्यांनी महिला मंडळाला सांगितलं आणि महिला मंडळ धावून आलं. महिला मंडळाची मदत म्हणजे शिलाई मशीन. बाई विधवा झाली, शिलाई मशीन. नवऱ्याने टाकली, शिलाई मशीन. एकीचं घर जळालं होतं, ठेवायला छप्पर नव्हतं, तिलाही शिलाई मशीनच दिलं होतं. त्यांच्या हाताला तेवढंच दान बसलेलं. तर एका दुपारी पाळकीणबाई चार बायकांना घेऊन जिना चढल्या, मागून हमाल, हमालाच्या डोक्यावर मशीन. मशीनला लाल फीत बांधलेली. खोलीच्या मधोमध ते ठेवलं, प्रार्थना केली, आणि पाळकीणबाई भाचीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, 'आता स्वतःच्या पायावर उभी राहा हो बाळा.'

भाचीने मशीनकडे पाहिलं. मग आपल्या गुंडाळलेल्या मनगटाकडे पाहिलं. 'काकू,' ती म्हणाली, 'सुई कोण ओवणार?'

एक क्षण कुणाला काही समजलंच नाही. मग चौघींचे चेहरे एकामागून एक पडत गेले. पाळकीणबाई सावरून घेत म्हणाल्या, 'अगं, पायानेच तर चालवायचं असतं ते.' यावर भाची जी हसत सुटली! हात गेल्यापासून पहिल्यांदा हसली. बायका जिना उतरून गेल्या तरी हसत होती, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते आत्याला समजलं नाही. आत्या तिला जवळ घ्यायला गेली तर तिने मान वर केली.

'आत्या, तू खरंच पाठमोरी होतीस?'

'नव्हते.'

'मग?'

आत्या मशीनची लाल फीत सोडायला लागली. भाची म्हणाली, 'माझा गेला तो गेला. पण साहेबाच्या कागदावर मी घाईखोर, मी बेअक्कल, मीच जाळी काढली. आणि रोलर तसाच चालू. आता त्यावर कोण आहे?'

रोलरवर आता बॉयलरवाल्याची सून होती. लग्न होऊन आलेली कालची पोर. साहेबाची पाठ वळताच जाळी पुन्हा भिंतीला गेली होती, कारण हॉटेलच्या चादरी थांबत नाहीत. आत्या रोज घड्या घालताना त्या पोरीची बोटं बघायची. चादर आत जायची आणि बोटं अगदी तोंडापाशी जाऊन मागे यायची. आत्याच्या घड्या वाकड्या व्हायला लागल्या होत्या. साहेब अजून एकदा येणार होता, शेवटचं विचारायला. बायकांनी आधीचंच सांगितलं की प्रकरण मिटलं.

त्या रविवारी आत्या नेहमीसारखी साक्षीला उभी राहिली. पाळकसाहेबांनी चष्मा काढून ठेवला, मालकांनी डोळे मिटले, मागच्या बाकांवर माना कलल्या. चला, कंगवा.

आत्याने काही बेत केला होता, असं कुणी समजू नये. तिला बेत करता येत असते तर ती लॉन्ड्रीत चादरी मोजत बसली नसती. साधं बोलायला गेली तर शब्दच फुटेना. म्हणून तिने आपली रोजची चाल धरली, तोच हेल, तीच स्तुती. त्या वाटेने तरी जीभ चालेल, एवढंच तिच्या मनात.

'माझ्या भाचीचा हात रोलरमध्ये गेला, आणि तिचा जीव वाचला, प्रभूची स्तुती असो.'

'आमेन,' मंडळी म्हणाली.

'रोलरची जाळी माझ्या भाचीने काढली नाही, प्रभूची स्तुती असो.'

'आमेन.'

'जाळी मुकादमाने पान्याने काढली, आणि मी शेजारी उभी राहून पाहिलं, प्रभूची स्तुती असो.'

'आमेन,' मंडळी म्हणाली, त्यात खुद्द मुकादमही होता.

आत्या थबकली. हे लोक होय म्हणताहेत? तिला खरोखर वाटलं की देव चर्चमध्ये उतरला आहे. देव वगैरे काही नाही, मंडळी झोपेत होती. पण तिला बळ आलं आणि आवाज लॉन्ड्रीतल्यासारखा मोकळा सुटला.

'ती मालकांनी सांगितलं म्हणून काढली, मालक दारात उभे होते, आणि आजही रोलर बिनजाळीचा चालतो, प्रभूची स्तुती असो.'

'आमेन!' पहिल्या बाकावरून दमदार आवाज घुमला. पोटातून. पिंपात दगड पडला. आणि सवयीप्रमाणे त्यावर सगळ्या मंडळीने आपलं आमेन ठेवलं.

मग मात्र मंडळी जागी झाली. एकेक डोळा उघडला. मालकांच्या सौभाग्यवती नवऱ्याकडे बघत राहिल्या. मालक अजून डोळे मिटूनच होते. बायकोने कोपर मारलं तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळी मंडळी आपल्याकडे का बघते आहे ते त्यांना कळेना.

'आणि मी साहेबांना खोटं सांगितलं की मी पाठमोरी होते,' आत्या म्हणाली. आता तिचा हेल गेला होता. 'ते मी परत घेते. प्रभूची स्तुती असो.'

यावर फक्त मागच्या बाकावरचा ठार बहिरा म्हातारा, जो ओठ बघून आमेन म्हणायचा, तो तेवढा एकटा 'आमेन' म्हणाला. पाळकसाहेबांनी घाईघाईने गीताचा आकडा पुकारला. तो चुकीचा निघाला. ऑर्गनवाल्याने लग्नाचं गीत सुरू केलं.

उपासनेनंतर तिला मागच्या खोलीत बोलावलं. मालक खिडकीतून बाहेर बघत उभे होते, पाळकसाहेब टेबलामागे.

'आत्याबाई, साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं असतं.'

'आणि माणसाने काय केलं ते?'

'त्यासाठी कोर्टकचेऱ्या आहेत.'

'तिथे जायला निघाले तर तुम्हीच म्हणालात, देवावर सोपवा. म्हणून इथे सांगितलं. आता तिसरी कुठली जागा असेल तर पत्ता द्या.'

मालक खिडकीतून न वळता म्हणाले, 'उपकाराची जाण हवी माणसाला.' आत्या म्हणाली, 'जाण आहे. म्हणून तर एवढे दिवस गप्प होते.' आणि ती निघून आली. घराच्या जिन्याशी पोचली तेव्हा वर न चढता ती कुलूपवाल्याच्या स्टुलावर बसली आणि तांब्याभर पाणी प्यायली. शूर माणसं अशीच असतात, घरी येऊन बसकण मारतात.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रवचन केलं. विषय आमेन. असं प्रवचन या चर्चने कधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकू नये. आमेन म्हणजे प्रत्येक वेळी होकार नव्हे, ते म्हणाले. आमेन हा एक सूर आहे, एक लय आहे, श्वास आहे. तोंडून निघाला म्हणजे मनातून निघाला असं नव्हे. मालकांची लाज झाकायला बिचाऱ्याने देवाचा होकार फाडून पोतेरं केलं. बोलण्याच्या भरात त्यांच्या हे ध्यानात आलं नाही की प्रवचनानंतर प्रार्थना असते आणि प्रार्थनेच्या शेवटी लोक तोच शब्द म्हणतात. प्रार्थना संपली. त्यांनी वाट पाहिली. मंडळी बिचकली होती, म्हणावं की न म्हणावं? म्हटलं तर श्वास, न म्हटलं तर पाप. शेवटी मालकांनी एकट्याने आमेन म्हटलं, आणि ते त्या मोठ्या जागेत फार बारीक ऐकू आलं.

त्याच आठवड्यात साहेब आला. घड्यांच्या टेबलावर फाइल ठेवून बसला. मालक, मुकादम आणि मालकांच्या सद्‌गुणांची ग्वाही द्यायला पाळकसाहेब, असे तिघे ओळीने खुर्च्यांवर. आत्याने सांगायचं ते सांगितलं, या वेळी साहेबाला पुन्हा विचारावं लागलं नाही. पण एकटीचं कोण धरतो? मुलीची आत्याच ती, तिच्या बाजूनेच बोलणार, मालक म्हणाले, आणि तेही खोटं नव्हतं.

साहेबाने वाळवणीच्या म्हातारीला बोलावलं. 'तुम्ही मागच्या वेळी सांगितलंत की तुम्ही आत होतात.'

म्हातारीने मालकांकडे पाहिलं. मग पाळकसाहेबांकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला. 'काय करू साहेब, मी देवळात आमेन म्हणून बसलेय की.'

'म्हणजे?'

'म्हणजे हिने सांगितलं आणि मी देवासमोर होय, हे खरं आहे, असं म्हटलं. आता तुमच्यासमोर नाही म्हटलं तर मी दोन्हीकडची खोटारडी. माझे किती दिवस राहिलेत? वर गेल्यावर काय सांगू, तो श्वास होता म्हणून?'

साहेब या धर्माचा नव्हता. त्याने नीट समजून घेतलं. किती जण आमेन म्हणाले? सगळेच, म्हातारी म्हणाली. एकदा नाही, चारदा. मग एकेक बाई येत गेली. बॉयलरवाल्याच्या बायकोला वाफेतूनही सगळं दिसलं होतं, असं निघालं. कुणी धिटाईने नाही बोललं हो. सगळ्या रडकुंडीला आलेल्या. एकीने तर आत्याला शिव्या घातल्या, की या भोंग्याने आम्हाला फसवून देवासमोर अडकवलं. पण अडकल्या, हे नक्की. जे धाडस त्यांना डोळे उघडे ठेवून जमलं नसतं ते झोपेत होऊन बसलं होतं, आणि आता मागे फिरायचं धाडस कुणातच नव्हतं.

शेवटी साहेब मालकांकडे वळला. 'तुम्हीही म्हणालात?'

मालक म्हणाले, 'ती आपली सवय असते.'

'सर्वांत आधी हेच म्हणाले,' म्हातारी भाबडेपणाने म्हणाली. 'नेहमी हेच आधी म्हणतात. यांचं ऐकून आम्ही म्हणतो.'

पाळकसाहेब बुटांकडे बघत होते. त्यांना ग्वाही देण्याची वेळच आली नाही.

निकाल लागला. दोष मालकांचा, भाचीला भरपाई, आणि जाळी अशी बसवायची की पान्यानेही निघू नये. मालकांनी दंड भरला आणि दोन रविवार तब्येतीच्या कारणाने घरी बसले. तिसऱ्या रविवारी पहिल्या बाकावर हजर. त्या बाकाला तेच शोभतात. आत्याला कामावरून कमी केलं, 'काम कमी आहे' म्हणून. हॉटेलच्या चादरींचे ढीग दारापर्यंत आले होते. चर्चमधली साक्षही बंद झाली, वेळेअभावी. तो वेळ सूचनांना दिला.

एवढ्यावर थांबतील तर ती मोठी माणसं कसली! सहा महिन्यांनी आसपासच्या सगळ्या चर्चांचं संमेलन भरलं आणि त्यात आपल्या पाळकसाहेबांचं भाषण होतं. विषय काय, तर 'अन्यायाविरुद्ध मंडळीची संदेष्ट्याची भूमिका'. आत्या आणि भाची मागे उभ्या राहून ऐकत होत्या. पाळकसाहेब रंगात आले होते. 'आमच्या मंडळीतल्या एका गरीब भगिनीवर अन्याय झाला,' ते म्हणाले, 'तेव्हा आम्ही मूग गिळून बसलो नाही. सबंध मंडळीने, श्रीमंत आणि गरीब, एका आवाजात सत्याला आमेन म्हटलं.' टाळ्या पडल्या. खालून कुणीतरी हुंदकाही दिला.

भाची आत्याच्या कानाशी वाकली. 'यातलं एक अक्षर तरी खोटं आहे का गं?'

आत्याने विचार केला. 'नाही,' ती म्हणाली. 'तेच तर. चल घरी.'

कमी केल्यापासून आत्या घरीच लोकांचे कपडे इस्त्रीला घेत होती. तिचा जुना पितळी डबा लॉन्ड्रीतच राहिला होता. तो आणायला एक दिवस ती गेली. मुकादमाने दारातच अडवलं, पण ती आवाज चढवणार असं दिसताच बाजूला झाला. आत सगळं तसंच होतं, तीच वाफ आणि तोच गोंगाट. बॉयलरवाल्याची सून रोलरवर होती. तोंडाशी जाळी होती, पक्की वेल्डिंग करून बसवलेली. चादर दर वेळी जाळीत अडकत होती आणि ती पोर दर वेळी वैतागून सोडवत होती. पाठ वळलेली, त्यामुळे मागे कोण उभं आहे ते तिला माहीत नव्हतं.

'ही जाळी बसवायला लावणारीचं वाटोळं होवो,' ती पलीकडच्या बाईला ओरडून सांगत होती. 'पूर्वी दुपारपर्यंत उरकायचं, आता दिवेलागण होते. मुडदा बसवला तिचा!' आणि तिने दोन्ही हात कानशिलांवर नेऊन दहाही बोटं कडाकडा मोडली.

आत्या डबा काखेत धरून उभी राहिली आणि शेवटचं बोट मोडेपर्यंत ऐकत राहिली.